जुन्या होडीत किती माणसे न्यावीत, हे बाकांवरून ठरवू नका

आपण विचारले आहे की, १८ फूट लांब आणि ५ फूट रुंद अशा जुन्या लाकडी मासेमारी होडीला फायबरचा थर, प्लायची जमीन, छप्पर आणि मोठे इंजिन बसवले, तर तीत दहा माणसे नेता येतील काय. दहा माणसांना जागा होईल, पण दहा माणसे नेऊ नयेत. असे मी ठामपणे म्हणतो, कारण नेमकी अशीच होडी आमच्या घरात आहे आणि तिच्यावरून माझा व माझ्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे अण्णांचा, वाद आजही मिटलेला नाही.

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो आणि मकरपुऱ्यातील एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात माझी नोकरी झाली. अण्णांनी भरुचकडच्या एका मच्छीमाराकडून होडी घेतली आणि नर्मदेत, चांदोदला आणून ठेवली. तिला बाहेरून फायबरचे तीन थर दिले (सुमारे ५५ किलो), मरीन प्लायचे तीन तक्ते जमिनीला व बाकांना लागले (१०० किलोंहून अधिक), लोखंडी पाइप आणि पत्र्याचे छप्पर उभे राहिले (७० किलो), आणि जुन्या ८ अश्वशक्तीच्या इंजिनाच्या जागी २५ अश्वशक्तीचे आले, त्याचे वाढीव वजन ३० किलोंच्या पुढे. म्हणजे एकही माणूस बसण्याआधी २६० किलो चढले होते.

याचा हिशेब अवघड नाही. साडेपाच मीटर गुणिले दीड मीटर, आणि टोके निमुळती म्हणून त्याचे सुमारे ७० टक्के, असे धरले तर पाण्यावर टेकलेले क्षेत्र ५.८ चौरस मीटर येते. एवढ्या क्षेत्रावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ५८ लिटर, म्हणून गोड्या पाण्यात दर ५८ किलोंना होडी एक सेंटिमीटर खाली बसते. अण्णांची होडी रिकामी असतानाच साडेचार सेंटिमीटर बसली होती. तळाच्या लाकडावर वर्षानुवर्षांच्या शेवाळाची हिरवी रेघ होती. फायबर चढवण्यापूर्वी मी तिच्या उंचीवर काठाच्या आतून खिळ्याने खूण केली होती आणि होडी पाण्यात सोडल्यावर टेप लावून अण्णांना फरक दाखवला. त्यांचे उत्तर असे की, मच्छीमार हिच्यातून ४०० किलो मासळी आणत असत.

मला आजही याच वाक्याचा राग येतो. मासळी तळाशी पडलेली असते. ती बाकावर बसत नाही, छपराच्या खांबाला धरून उभी राहत नाही आणि एखादी गोष्ट पाहायला सगळी एका बाजूला जात नाही.

संगमावर पूजेला निघालो तेव्हा सहा मोठी माणसे आणि दोन मुले होती. मागच्या कोपऱ्यात इंजिनाजवळ पाणी काठापासून वीतभरही खाली नव्हते. फुले सोडण्यासाठी सगळे उजवीकडे उठून वाकले, छपराचे वजन त्यांच्यासोबत कलले आणि उजव्या काठावरून पाणी आत आले. नावाडी ओरडला, "बेसी जाओ, नीचे बेसी जाओ!" सगळे खाली प्लायवर बसताच होडी सरळ झाली. वजन तेवढेच होते, माणसे तीच होती. फक्त भार खाली आला. आत आलेले पाणी मात्र प्लायखाली शिरले आणि उपसायला झाकणच ठेवलेले नव्हते, त्यामुळे किनाऱ्याला लागेपर्यंत ते पाणी होडीच्या प्रत्येक झोक्याबरोबर खालच्या बाजूला धावत होते.

अण्णा म्हणतात, खाऱ्या पाण्यातली होडी गोड्या पाण्यात आणल्यामुळे ती बुडत चालली होती. समुद्राचे पाणी लिटरमागे सुमारे २५ ग्रॅम जड असते, हे खरे. पण ९०० किलोंच्या होडीला त्याने जेमतेम चार मिलिमीटरचा फरक पडतो. चार मिलिमीटरांनी काठावरून पाणी येत नसते.

१८ जानेवारी २०२४ रोजी आमच्याच शहरातील हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. त्या संध्याकाळी अण्णांनी मला फोन केला, होडीचा विषय मात्र काढला नाही.

आपल्यासाठी सांगायचे तर, २० फुटांखालच्या एकाच तळाच्या (जोडहोडी नसलेल्या) होड्यांसाठी अमेरिकेत एक ढोबळ नियम वापरतात : फुटांतील लांबी गुणिले रुंदी भागिले १५. आपल्या होडीला सहा माणसे येतात, तीही शांत पाण्यात, आणि वाढवलेल्या प्रत्येक ६५-७० किलोंमागे एक माणूस मी कमी करीन. छपराऐवजी कापड लावा, जमीन शक्य तितकी खाली घ्या, प्लायला उपसण्याची झाकणे ठेवा आणि बाकांखाली फोमचे ठोकळे भरा. मग माणसांऐवजी २० लिटरचे भरलेले पाण्याचे जार बाकांवर ठेवून, काठापासून पाणी किती खाली आहे ते चारही कोपऱ्यांत टेपने मोजा. अर्धे जार एका बाजूला सरकवून पुन्हा मोजा.

इंजिनाचे विचाराल, तर होडीचा मागचा भाग किती सडला आहे हे पाहिल्याशिवाय २५ अश्वशक्तीला मी हो म्हणणार नाही. ओले लाकूड फायबरखाली बंद केले, तर ते आतून कुजत राहते. शिवाय मी यंत्रांचा ड्राफ्ट्समन आहे, जहाजबांधणीचा अभियंता नव्हे. पैसे घेऊन माणसे नेणार असाल, तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखालची नोंदणी आणि तपासणी आधी करून घ्या आणि तपासणाऱ्याने सहाऐवजी चार म्हटले, तर चारच बसवा.