आडव्या वाऱ्यात बोइंग ७३७ विमान उचलताना

भाऊ, सिम्युलेटरवर नागपूरची ३२ धावपट्टी (म्हणजे साधारण ३२० अंशांकडं तोंड) घेतलीस, तर पश्चिमेचा वारा डावीकडून लागेल. २७० अंशांवरून २० नॉट वेगाचा असला तर त्याचा आडवा भाग साधारण १५ नॉट.

आधी दोन्ही इंजिनं ४० टक्के एन-वनवर (इंजिनाच्या पुढच्या पंख्याच्या फिरण्याचा वेग) सारखी होऊ दे, मगच जोर वाढव. एक मागं राहिलं की नाक तिकडेच वळतं.

शेपटावर वारा बसतो अन् नाक डावीकडं ओढतं. उजवा रडर (शेपटाची उभी फळी वळवणारं पायाचं पेडल) दाब. पऱ्हाटीच्या तासातून डवरा नेतात तसं नाकाचं चाक मधल्या पांढऱ्या रेषेवर ठेव.

योक (हातातलं सुकाणू) डावीकडं थोडाच. नवशिके इथंच चुकतात! जास्त वळवला की डाव्या पंखावरचे स्पॉयलर (हवा अडवणाऱ्या फळ्या) उठतात, विमान जड चालतं.

चाकं सुटल्यावर रडर हळूहळू सोड, पंख सपाट ठेव. विमान आपोआप वाऱ्याकडं तोंड करतं. पहिले काही दिवस आडवा वारा १० नॉटच ठेव. वाऱ्याच्या झोतांचं नंतर पाहू.