पाव्हणे येणार म्हणून भाऊ मामाकडे?

पत्र : मावशी, मी खानापूर तालुक्यातली, वय 26. माझ्या 19 वर्षांच्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. रविवारी बेळगावहून मला बघायला पाव्हणे येतायत. आई-बाबा म्हणतात, त्याला दोन दिवस मामाकडे ठेवू. आधीचं एक स्थळ 'पोरं अशी निघाली तर?' म्हणून मोडलं. आजी अजून आईला बोलते, ग्रहणात विळी धरलीस म्हणून. घरी कुणी आलं की चहा भाऊच देतो, माणसं मोठ्यानं मोजून कप मांडतो. मामाकडे जायचं म्हटल्यावर त्यानं मुकाट्यानं पिशवी भरली आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. मी काय करू?

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पिशवीपाशी थांबले. अशा बऱ्याच मुलांना बोलता येतं त्यापेक्षा समजतं जास्त. आपल्याला का धाडतायत ते त्याला कळलंय. त्याला पाठवू नका.

आजीच्या बोलण्याचा आधी निकाल लावू. आपल्या पेशीत 21 नंबरच्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, तुझ्या भावाच्या पेशीत ती तीनदा आहे. हे 1959 सालीच सापडलंय. बहुतेक वेळा ही जादा प्रत बीज तयार होतानाच येते, गर्भ राहायच्याही आधी. त्यात ग्रहणाचा काही संबंध नाही, विळीचाही नाही. एकोणीस वर्षं तुझ्या आईनं हे ऐकून घेतलं, मला त्याचंच फार वाईट वाटतं. आजीला हे तू सांग. नातीचं ऐकतात त्या.

आता 'पोरं अशी निघाली तर?' हा प्रश्न भीतीतून येतो आणि त्याला खरं उत्तर आहे. भावाची जुनी फाईल काढ. त्यात 'कॅरिओटाइप' असा रक्ताचा रिपोर्ट आहे का बघ. त्यावर 47 गुणसूत्रं आणि 21 नंबरचं एक जादा असं असेल, तर तो नेहमीचा प्रकार. 100 पैकी साधारण 95 जणांत हाच असतो. तो घराण्यातून उतरत नाही, आणि त्यामुळे तुझ्या मुलांचा धोका तुझ्या वयाच्या इतर बायकांपेक्षा वाढत नाही. तीन-चार जणांत 'ट्रान्सलोकेशन' असतं, म्हणजे 21 नंबरचं जादा गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. ते कधीकधी आई किंवा वडिलांकडून येतं. तसं लिहिलं असेल तर तुझंही रक्त तपासून घे. रिपोर्टच नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून भावाची तपासणी आता करून घ्या. रिपोर्ट समजावून घेताना आईलाही सोबत ने.

रविवारच्या आधी मध्यस्थाकडून स्पष्ट निरोप जाऊ दे की मुलीला असा भाऊ आहे आणि तो घरीच असेल. यावर कुणी यायचंच रद्द केलं, तर त्या घरात तुला माहेरचं नाव काढायची चोरी झाली असती. मी चाळीस वर्षं बेळगावात सोयरिकी बघतेय. लपवलेली गोष्ट लग्नानंतर निघाली की ऐकून घ्यावं लागतं ते पोरीला.

'पुढं त्याला कोण बघणार?' असंही ते विचारतील. बाबांनी त्याची तयारी ठेवावी. भावाचं दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड नसेल तर अर्ज करा. केंद्राच्या निरामय योजनेत त्याला वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा मिळू शकतो. तो अठराच्या पुढं गेलाय, तेव्हा कागदोपत्री पालक लागणार असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची समिती असते. डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, चौकशी करा. थायरॉइडचं रक्त मात्र दरवर्षी तपासा. अशा मुलांत तो त्रास बराच आढळतो, आणि मग सुस्त झालेल्या पोराला लोक 'खुळं आहे' म्हणून सोडून देतात.

आज घरी गेलीस की आधी ती पिशवी रिकामी कर, त्याच्या देखत. रविवारी चहा त्यालाच देऊ दे. आणि माणसं मोजताना स्वतःलाही धरून मोज म्हणावं, त्याचा कप पाव्हण्यांबरोबरच मांडायचा आहे.