वाचकांचे प्रश्न : बीच साफ करतो, आठवड्यात पुन्हा तेवढाच कचरा!

प्रश्न : ताई, आमचा ग्रुप दर रविवारी शहरातला बीच साफ करतो. पोती भरतात, फोटो निघतात आणि पुढच्या रविवारी परत जैसे थे. आता निम्मे लोक यायचेच बंद झालेत. एक जण म्हणतो ड्रोन घेऊ, दुसरा म्हणतो स्वतःचं अ‍ॅप काढू. नक्की काय करावं?

उत्तर : तुमचा वैताग मला पूर्ण कळतो, पण ड्रोन आत्ता राहू द्या, आधी मोजायला लागा. पोती किती भरली ते नाही, पोत्यात काय काय होतं ते. एवढी पोती कचरा निघाला असं सांगितलं की लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात, पुढे काही होत नाही. आज जी आंतरराष्ट्रीय किनारा सफाई मोहीम चालते ना, ती १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झाली तेव्हापासून तिथे पिशवीसोबत एक कार्डही हातात दिलं जातं, उचललेली प्रत्येक वस्तू त्यावर लिहायची. त्या नोंदींमुळेच आपल्याला कळलं की सिगारेटची थोटकं वर्षानुवर्षं त्या यादीत सगळ्यात वर होती, आणि त्या थोटकातला फिल्टर कापसासारखा दिसला तरी असतो प्लास्टिकच.

तुम्ही १०० मीटरचा एक पट्टा ठरवा आणि तो बदलू नका. ईशान्य अटलांटिकच्या किनाऱ्यावरचे देश असंच करतात, १०० मीटर, वर्षातून चार वेळा, ठरलेली एकच यादी. एकाने उचलायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि अ‍ॅप नव्याने बनवायच्या भानगडीत पडू नका, मरीन डेब्रिस ट्रॅकर २०१० पासून आहे, त्यात वस्तू आणि जागा दोन्हीची नोंद होते.

मग कचरा स्वतःच बोलायला लागतो बघा. कान कोरायच्या प्लास्टिकच्या काड्या, कापूस गळून गेलेल्या, नुसत्या दांड्या, ह्या ढिगाने सापडायला लागल्या तर त्या फिरायला आलेल्यांनी टाकलेल्या नसतात, त्या बहुतेक कुणीतरी संडासात टाकून फ्लश केलेल्या असतात आणि सांडपाण्याच्या जाळ्यांतून निसटून समुद्रात गेलेल्या असतात. म्हणजे तिथे कचरापेटी वाढवून काहीच फरक पडणार नाही. दोरीचे आणि जाळ्याचे तुकडे बहुधा बोटींवरून येतात. वरच्या कोरड्या वाळूत, बसायच्या जागेजवळ वेफर्सची पाकिटं मिळाली तर ती मात्र आपलीच, तिथेच टाकलेली. आणि पाऊस झाल्यावर नाल्याच्या तोंडाशी बाटल्यांचा थर येत असेल तर बीच साफ करत बसण्यात अर्थ नाही, नाल्यावरच अडवायला हवं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये २०१४ साली बंदराला मिळणाऱ्या नदीच्या तोंडाशी एक मोठं चाक बसवलं, ते पाण्याच्या प्रवाहावर आणि सोलरवर फिरतं आणि तरंगणारा कचरा पट्ट्यावरून उचलून कंटेनरमध्ये टाकतं. सगळ्यांना एवढं जमेल असं नाही, साधी जाळी किंवा तरंगता अडसरही चालतो, फक्त तो रिकामा कोण करणार आणि कुठल्या दिवशी हे लेखी ठरवून घ्या, नाहीतर जाळी भरते, पाणी तुंबतं आणि कुणीतरी ती कापून टाकतं.

अजून एक. ग्रुपमध्ये मच्छीमार, तिथले विक्रेते, जीवरक्षक आणि रोजचे सफाई कामगार आहेत का? नसतील तर आधी त्यांच्याकडे जा. कुठल्या वाऱ्याला कचरा कुठे लागतो हे त्यांना कुठल्याही सेन्सरपेक्षा आधी माहीत असतं, आणि तुम्ही रविवारी येता, ते रोज असतात.

प्रश्न : आमच्या बीचवर पहाटे ट्रॅक्टरला जोडलेलं मशीन फिरतं, वाळू चाळून एकदम चकाचक करतं. तरी काही जण ते बंद करा म्हणतात. का?

उत्तर : कारण ते मशीन प्लास्टिक आणि शेवाळ यात फरक करत नाही. भरतीच्या रेघेवर जे शेवाळ वाहून येतं ते घाण नाही हो, त्याच्याखाली बारीक उड्या मारणारे जीव राहतात, ते खायला चिखल्या, तुतवार असे पक्षी येतात, शिवाय शेवाळ वाळू धरून ठेवतं आणि त्यातूनच पुढे वाळूच्या छोट्या टेकड्या उभ्या राहायला लागतात. रोज खरवडलं की हे सगळं जातं. कासवं अंडी घालतात अशा किनाऱ्यावर तर हंगामात मशीन नकोच, घरट्यावरची वाळू दबते. मी सरसकट बंद करा म्हणणार नाही, गर्दीच्या थोड्या भागात चालू द्या, पण भरतीच्या रेघेवर आणि टेकड्यांच्या पायथ्याशी हातानेच वेचा. लोकांना बीच गालिच्यासारखा हवा असतो ही खरी अडचण आहे, त्यासाठी तिथे दोन ओळींची पाटी लावा की हे शेवाळ मुद्दाम ठेवलंय.

प्रश्न : आमचा बीच दरवर्षी अरुंद होतोय असं वाटतं, पण पुरावा नाही. महागडी यंत्रणा न घेता काही करता येईल?

उत्तर : येईल. सिडनीत २०१७ मध्ये कोस्टस्नॅप नावाचा प्रकल्प सुरू झाला, आता अनेक देशांत आहे. किनाऱ्याकडे तोंड करून एक पक्का स्टँड बसवायचा, येणारा-जाणारा कुणीही त्यात मोबाइल ठेवून फोटो काढतो आणि पाठवतो. जागा आणि कोन तोच असल्यामुळे आणि वेळेवरून भरती-ओहोटी किती होती ते धरता येत असल्यामुळे त्या फोटोंवरून पाण्याची कड कुठून कुठे सरकली ते काढता येतं. तुम्ही रेलिंगला एक चौकट ठोकून सुरुवात करू शकता, पण ती हलता कामा नये, फोटोवर तारीख-वेळ हवीच, आणि एकाच वादळानंतरचा फोटो घेऊन कुणाकडे धावू नका, वाळू काही महिन्यांत परतही येते. निदान दोन-तीन वर्षांचे सगळ्या ऋतूंतले फोटो जमले की मग जवळच्या कॉलेजच्या भूगोल किंवा सिव्हिल विभागाला गाठा, विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट मिळेल आणि तुम्हाला नकाशा.