‘लवकर परत येईन’ या शब्दाचे काय करायचे?

प्रश्न : परदेशातल्या एका बालगृहात अकरा महिने स्वयंसेविका म्हणून राहून मी दोन महिन्यांपूर्वी घरी परतले. तिथे सतरा मुले माझ्याकडे होती. अजूनही पहाटे साडेपाचला जाग येते आणि डोळे उघडण्याआधी मी मनातल्या मनात सतरा ब्रश मोजत असते. सगळे जण ‘केवढे पुण्याचे काम केलेस’ म्हणतात आणि दोन मिनिटांत विषय बदलतात. त्या मुलांपैकी एक सहा वर्षांचा मुलगा पहिल्याच दिवशी, ओळखदेख नसताना, धावत येऊन माझ्या गळ्यात पडला होता. मी निघाले त्या दिवशी त्याने माझा एक बूट लपवला. तो सापडेपर्यंत गाडी खोळंबली. त्याला जवळ घेऊन मी ‘लवकर परत येईन’ असे म्हणाले. आता तो तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल करतो आणि दर वेळी ‘कधी येणार’ एवढेच विचारतो. मला नोकरी शोधायची आहे, पण शब्दही दिला आहे. मी महिनाभरासाठी तरी परत जावे का? नाही तर त्याच्याशी बोलत राहावे की थांबवावे? आणि स्वतःच्या घरात मला इतके परके का वाटते? (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो त्यातल्या त्यात सोपा आहे. परक्या मुलखात गेलेला माणूस सुरुवातीला गोंधळतो, हे सर्वांना ठाऊक असते. परतल्यावरही तो तितकाच गोंधळू शकतो, याची मात्र कोणी कल्पना देत नाही. गुलाहॉर्न या अभ्यासक दांपत्याने १९६३ साली या चढउताराचा आलेख मांडला. जाताना एक घसरण आणि परतल्यावर दुसरी, त्यामुळे त्याचा आकार इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षरासारखा होतो. तुम्ही सध्या या दुसऱ्या घसरणीवर आहात. झोप आणि भूक आणखी काही आठवड्यांतही पूर्ववत झाली नाही किंवा कामात लक्षच लागेनासे झाले, तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका. शिवाय, परतल्यानंतरच्या काही महिन्यांत ताप आलाच तर आपण कोणत्या देशात राहून आलो आहोत, हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

आता त्या शब्दाविषयी. केवळ तो पाळण्यासाठी परत जाऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. महिनाभर जाऊन पुन्हा निघालात, तर शब्द पाळल्याचे समाधान तुम्हाला मिळेल आणि त्या मुलाच्या वाट्याला आणखी एक निरोप येईल. त्याने बूट लपवला, यावरूनच माणसे निघून जातात हे तो पुरते शिकला आहे, असे दिसते. कोणती वस्तू अडवली की जाणारा माणूस थोडा वेळ थांबतो, हेही त्याला माहीत होते.

पहिल्याच दिवशी तो गळ्यात पडला, ही आठवण तुम्ही जपून ठेवली असेल, आणि तिच्याविषयी असे लिहिणे मला जड जाते. बार्बरा टिझर्ड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी लंडनमधल्या निवासी बालसंगोपनगृहांचा अभ्यास केला होता आणि त्याचे निष्कर्ष १९७०च्या दशकात प्रसिद्ध झाले. त्या ठिकाणी खेळणी आणि पुस्तके यांची वाण नव्हती. तरीही साडेचार वर्षांच्या वयापर्यंत एकेका मुलाला सरासरी सुमारे ५० वेगवेगळ्या माणसांनी सांभाळलेले होते, आणि यातली अनेक मुले अनोळखी माणसांशीही फार सहज सलगी करीत. पुढे रुमानियात, बुखारेस्टमधल्या संस्थांतल्या १३६ लहानग्यांवर झालेल्या अभ्यासात निम्म्या मुलांना प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत, ठेवण्यात आले. जी दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली, त्यांच्या मनात एका ठरावीक माणसाविषयीची ओढ अधिक चांगली रुजली. त्या मुलाचा तुमच्यावर जीव नव्हता, असा याचा अर्थ मी काढत नाही. अकरा महिन्यांत तो निश्चित जडला असेल. पण पहिल्या दिवशीची मिठी ही बहुधा माणसे बदलत राहण्याची सवय होती, आणि आपल्या येण्याजाण्याने त्या सवयीत भरच पडते. मी स्वतः विशीत अशाच कामावर चार महिने होते आणि निघताना हेच वाक्य बोलले होते. तेव्हा ते मुलांच्या समाधानासाठी बोलले, असे वाटले होते. खरे तर दारातून बाहेर पडणे मला सोपे व्हावे म्हणून ते तोंडातून गेले होते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की कर्मचाऱ्याच्या खासगी फोनवरून होणारे बोलणे थांबवा आणि बालगृहाच्या प्रमुखांना सगळे लिहून कळवा. त्यांच्या संमतीने, मुलाच्या रोजच्या ओळखीची काळजीवाहक शेजारी बसलेली असताना, एकदा शांतपणे बोला : “मी लवकर येईन म्हणाले होते. ते माझे चुकले. मी येणार नाही. तुझ्या हातून काही चुकले म्हणून नव्हे. माझे घर आणि काम इथे आहे.” तो रडेल, कदाचित फोनसमोरून उठून जाईल. लगेच ‘बघू, जमले तर’ असे काही बोलू नका. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, पुढची काही वर्षे न चुकता फोन करण्याची तयारी असेल आणि संस्थेची हरकत नसेल, तरच संपर्क चालू ठेवा. ही शंभरातल्या फार थोड्यांची तयारी असते. नसल्यास तसे मान्य करण्यात कमीपणा नाही.

याशिवाय एक काम तुम्हीच करू शकता आणि ते मला फार मोलाचे वाटते. संस्थेत वाढणाऱ्या मुलाला ‘तू लहानपणी कसा होतास’ हे सांगणारे कोणी नसते. त्याचा पहिला दात कधी पडला, कोणत्या आवाजाला तो घाबरत असे, झोपताना चादरीचे टोक कसे मुठीत धरत असे, हे त्या अकरा महिन्यांपुरते तुम्हालाच ठाऊक आहे. तारखांसह ते लिहून काढा, चार-पाच छायाचित्रे जोडा आणि ती वही संस्थेच्या हवाली करून त्याच्या कागदपत्रांत ठेवायला सांगा. बुटाची हकिकतही लिहा. मुलांचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रे तुमच्या समाजमाध्यमांवर असतील, तर ती मात्र आजच काढून टाका.

पत्रात मुलांच्या कुटुंबांचा उल्लेख नाही. युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा वडील यांपैकी एकच गमावलेले मूलही अनाथ धरले जाते, आणि संस्थांतल्या पुष्कळ मुलांची एक तरी रक्ताची व्यक्ती हयात असते. मूल शक्यतो कुटुंबातच वाढावे, हे संयुक्त राष्ट्रांच्या २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि २०१९च्या आमसभेच्या ठरावात तर अनाथालयांतल्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीचा उल्लेख आहे. या मुलाच्या नातलगांचा शोध घेतला गेला आहे का, हे प्रमुखांना अवश्य विचारा. विमानाच्या तिकिटासाठी बाजूला काढलेले पैसे मुलांना कुटुंबात परत पोहोचवण्याच्या कामाला दिलेत, तर ते अधिक कारणी लागतील.

प्रश्न : आमचा मुलगा अशाच कामावरून परतल्यापासून घरातल्या प्रत्येक खर्चावर बोट ठेवतो. ‘तिथे तिघांत एक वही होती’ हे दिवसातून दोनदा ऐकावे लागते. आम्ही समजावू लागलो की भांडण होते.

उत्तर : समजावणे काही दिवस बंद ठेवा. तो तुमच्या कपाटाचा हिशेब मागत नाही. एक वही तिघांत कशी वापरली जात असे, हे त्याला कोणाला तरी सांगायचे आहे. ‘कसे होते तिथे?’ या मोठ्या प्रश्नाला ‘छान’ एवढेच उत्तर येते. म्हणून नेमके विचारा : त्या तिघांपैकी वही घरी कोण नेई? अक्षर कोणाचे चांगले होते? आईला टाकून बोलला तर मात्र तिथल्या तिथे थांबवा, त्यासाठी त्याचा अनुभव ही सबब नाही. आणि तो सांगू लागला की हातातला फोन बाजूला ठेवा, मग तो कितीही लांबण लावो.