तुझ्या हळदीच्या निमित्तानं

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. लग्न वैशाखात, हळद गावी घरासमोर मांडव घालून. पहिली हळद आईनं लावावी असं तुझ्या मनात आहे. चुलती म्हणते, शुभकार्यात विधवेचा हात नको. आणि आई स्वतःच म्हणते, "मी आपली आत स्वयंपाकाचं बघते." त्यावर तुझा प्रश्न असा की आईलाच नको असेल तर मी भांडू कुणासाठी?

धीर धर वगैरे मी लिहिणार नाही. धीर तुझ्यात आहे, नसता तर हा मेसेज आलाच नसता. मला एकच विचारायचंय आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा विचारणार आहे, कंटाळलीस तरी. तू कुणाला विचारलंस का? समोर बसून, नावानिशी? "गावात चालणार नाही", "बायका कुजबुजतील" असं लिहिलंयस. कोणत्या बायका? एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये एकीचंही नाव नाही. चुलती सोडली तर एकाही माणसाचं मत तुला ठाऊक नाही, आणि तू हरायला बसलीस.

अकरावीला समाजशास्त्रात मी तुम्हाला सम्नर शिकवला होता. लोकरीत मोडली तर लोक हसतात, लोकनीती मोडली तर शिक्षा करतात, हा त्यानं १९०६ साली मांडलेला फरक तू पेपरात झकास लिहिला होतास. पाठ्यपुस्तकात एक गोष्ट मात्र नव्हती आणि मीही ती फार उशिरा शिकले. रीत टिकायला ती सगळ्यांना पटावी लागत नाही. ती इतरांना पटते असं प्रत्येकाला वाटलं, तरी तिचं भागतं.

हे मी कुठं शिकले ते सांगते. आमचे हे गेल्यानंतरची पहिली संक्रांत. शाळेच्या स्टाफरूममध्ये हळदीकुंकू होतं. मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही, तेवढी माणसं सभ्य होती. ऑफिसातली नवी पोरगी पंचपाळं घेऊन एकेकीला लावत आली आणि माझ्यासमोर थांबली. तिचं बोट हळदीत बुडालेलं होतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या शेजारणीकडे बघत होती, पुढं काय करायचं ते तिच्या चेहऱ्यावर वाचता येतंय का म्हणून. शेजारीण खिडकीबाहेर बघायला लागली. पोरगी पुढं सरकली.

पुढच्या आठवड्यात काय झालं माहितीये? एकेक बाई मला व्हरांड्यात गाठून सांगून गेली, "बाई, मला तर लावायचं होतं हो, पण बाकीच्यांना आवडलं नसतं." खिडकीबाहेर बघणारीही तेच म्हणाली. अगं, मग त्या बाकीच्या होत्या तरी कोण? खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकीनं मला येऊन तेच सांगितलं! मला त्या दिवशी रडू आलं नाही, संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. म्हणून तुझ्या मेसेजमधलं "बायका कुजबुजतील" वाचून माझं डोकं फिरलं.

हे आपल्याकडचंच आहे असंही समजू नकोस. सौदी अरेबियात, रियाधमध्ये, काही अर्थशास्त्रज्ञांनी तरुण विवाहित पुरुषांना खाजगीत विचारलं, बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? बहुतेकांनी हो म्हटलं. बाकीचे किती जण हो म्हणतील असं विचारल्यावर मात्र त्यांचा अंदाज फार खाली होता. मग त्यांच्यातल्या काहींना खरा आकडा सांगितला. काही महिन्यांनी पाहिलं तर ज्यांना आकडा सांगितला नव्हता त्यांच्या बायकांपेक्षा यांच्या बायका नोकरीसाठी अर्ज करण्यात, मुलाखतीला जाण्यात पुढं होत्या. हा अभ्यास २०२० साली छापून आला. तिथं कुणी कुणाचं मतपरिवर्तन केलं नव्हतं. मत होतंच, शेजाऱ्याचंही तेच आहे एवढंच कळलं.

आपल्या भागात तर हे जास्तच चमत्कारिक आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत पिढ्यान् पिढ्या हळद साठवली गेली. ती शेतातून काढायला, शिजवून झाल्यावर वाळत घालायला, निवडायला ज्या बायका असतात त्यांत किती विधवा असतात बघ. तुझी आई तुझे वडील गेल्यापासून तेच करतेय ना? तिच्या नखांतला पिवळेपणा हंगामभर जात नाही. बाजारात पोत्याचं वजन करताना कुणी विचारत नाही, ही कुणाच्या हातची. तीच हळद वाटीत कालवली की मात्र त्या हाताचं वावडं!

आता चुलतीबद्दल. तिला खलनायिका करू नकोस, मला ते अजिबात आवडलेलं नाही. तू "मागासलेली" लिहिलंयस तिला. तुझ्या बारावीच्या फीला बांगडी गहाण ठेवणारी हीच बाई ना? तुझा संसार सुखाचा व्हावा असंच तिलाही वाटतं. पण तिची भीती समजून घे. उद्या तुझ्या घरात जरा खुट्ट झालं, एखादा आजार निघाला, मूल व्हायला उशीर झाला, तर लोक हळदीचा दिवस काढतील आणि खापर घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या माथी फुटेल. तू पुण्याला असशील. ऐकून घ्यायला ती गावात असेल. तुझी आई आत जाऊन बसते तीही याच भीतीनं. तिला नकोय असं तू धरून चाललीस. हातातली वाटी खाली ठेवायला लावून तिला कधी विचारलंस का, की मनात काय आहे? का ती "नको" म्हणाली आणि तुलाही जरा सुटल्यासारखं झालं? रागावू नकोस. विचारते.

माझी आई तिच्या सगळ्या भाच्यांच्या हळदीला माजघराच्या उंबऱ्याआत उभी असायची. गाणी तिला सगळ्यांत जास्त यायची, ती आतून म्हणायची आणि बाहेरच्या बायका उचलायच्या. तिला बाहेर यायचं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. त्या काळी असं विचारायची पद्धतच नव्हती. आता ती नाही.

नुसतं विचारून मात्र भागत नाही, ही दुसरी गोष्ट नीट ऐक. स्टाफरूमच्या त्या प्रकारानंतरच्या वर्षी मी माझ्या घरी हळदीकुंकू केलं. गल्लीतल्या, नात्यातल्या सगळ्यांना बोलावलं, विधवांनाही. आधी घरोघर जाऊन विचारून आले. माझी जाऊ म्हणाली, "मला काय अडचण? मी येते." आली. माझ्या हातचं कुंकू लावून घ्यायची वेळ आली आणि तिची विहीण समोर बसलेली तिला दिसली. उठली, वाण न घेता गेली. तेव्हापासून तिनं माझ्या घराची पायरी चढलेली नाही. सगळे म्हणतात मी हट्टीपणा केला, चारचौघांत तिला अडचणीत टाकलं. मला नाही तसं वाटत. मी तिला विचारलं होतं. ती हो म्हणाली होती. अजूनही रस्त्यात दिसली की मीच आधी बोलते, आणि ती पदर सारखा करत पुढं जाते. दिराच्या आजारपणात तरी जायचं होतंस, असं धाकटी बहीण म्हणते. मी गेले होते, दवाखान्यात. घरी नाही गेले. घरी जायला बोलावणं लागतं.

पण त्यातून मला कळलं ते हे, की जाऊला विहिणीचं मत माहीत नव्हतं आणि विहिणीला जावेचं. दोघींचा होकार माझ्या एकटीच्या खिशात. तिथं तो काय कामाचा? हेरवाडचं उदाहरण घे, शिरोळ तालुक्यातलं, आपल्यापासून कितीसं लांब! ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं हे सगळं बंद करायचा ठराव केला. दोन आठवड्यांत सरकारनं तो इतर ग्रामपंचायतींपुढं ठेवणारं परिपत्रकही काढलं. परिपत्रकानं कुणाच्या कपाळावर कुंकू येत नसतं, ते सोड. पण ग्रामसभेत कुणी हात वर केला हे गावानं बघितलं, ती खरी कमाई. आपल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव बघ. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद. भोंगा काही कुणाच्या घरात येऊन बटण दाबत नाही. शेजाऱ्यानंही आत्ताच तो ऐकलाय हे प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि पोरं अभ्यासाला बसतात.

सावित्रीबाईंचं नाव घेऊन मला पेटवू नकोस, मेसेजमध्ये घेतलंयस म्हणून सांगते. शेजारच्या साताऱ्यातल्या नायगावची ही लेक. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा तिनं अंत्ययात्रेत स्वतः टिटवं धरलं आणि विधवा असताना १८९३ ला सासवडच्या सत्यशोधक अधिवेशनाची अध्यक्ष झाली. खरंय. पण तिच्याभोवती १८७३ पासून सत्यशोधक समाजात एकत्र उभी राहिलेली माणसं होती. तुझ्याभोवती सध्या एक इन्स्टाग्राम आहे. ऐन मांडवात आईचा हात धरून ओढत आणायचं, सगळ्यांना धक्का द्यायचा आणि कुणीतरी व्हिडिओ काढायचा, हे जे तुझ्या मैत्रिणीनं सुचवलंय ना, ते अजिबात करू नकोस. आईच्या पोटात गोळा येईल आणि तो दिवस तिला आयुष्यभर नकोसा होईल.

तर काम असं. पहिल्यांदा चुलतीकडे जा, एकटी, दुपारची. वाद घालू नकोस, तिला कुणाची भीती वाटते तेवढं काढून घे. ती दोन-तीन नावं सांगेल, बहुतेक तुझी आत्या आणि सोसायटीवाल्यांची आजी. त्यांच्याकडे जा. होणाऱ्या सासूला फोन कर, ते तर आधीच करायला हवं होतंस, कारण खापराची खरी भीती तिकडची आहे. जी हो म्हणेल तिला तिथंच म्हण, "मग हे आत्याला तुम्हीच सांगता का?" हा होकार तुझ्या तोंडून पुढं जाता कामा नये, त्यांच्या त्यांच्यात फिरला पाहिजे. आईकडे शेवटी जा, आणि जाताना चुलतीला बरोबर ने. बोलू दे तिला.

आणि खरोखरच सगळ्या नाही म्हणाल्या तर? होऊ शकतं. काहींना हे मनापासून पटलेलं असतं, त्यांना मी खोटं ठरवणार नाही. मग निदान किती जणी आणि कोण हे तुला माहीत असेल, आणि त्यांनी ते तोंडानं म्हटलेलं असेल. तुझ्या आईकडे बघून म्हणणं किती जणींना जमतं ते बघ. मला शंका आहे.

हळदीला मला बोलवायचं असेल तर निरोप चुलतीकडून येऊ दे. तू बोलावलंस तर मी येणारच आहे, त्यात काय विशेष.

तुझी,
बाई