मोरचूद एकच, मग आकडे दोन का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी एस.वाय. बीएस्सीला आहे. प्रॅक्टिकलला कॉपर सल्फेटचं ०.१ मोलर सोल्युशन एक लिटर करायचं होतं, अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाईडमध्ये मोलर मास (एका मोलचं वजन, ग्रॅममध्ये) १५९.६ दिलंय म्हणून १५.९६ ग्रॅम घेतलं. थायोसल्फेटच्या टायट्रेशनला रीडिंग १० मिली यायला हवं, ते तीनही वेळा ६.४ च येतंय. घरी येऊन सर्च केलं तर एका ठिकाणी २४९.७ दिसलं. विश्वास कुणावर ठेवायचा आणि अशी माहिती नक्की शोधायची कुठे?
— एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर: अगं, दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या पदार्थांचे आहेत. १५९.६ हे कोरड्या, पांढऱ्या कॉपर सल्फेटचं. तुमच्या लॅबमध्ये असतो तो निळा खडा, म्हणजे आपला मोरचूद, द्राक्षबागवाले बोर्डो मिश्रणात घालतात तोच, त्याच्यात पाण्याचे पाच रेणू असतात म्हणून २४९.७. तू घ्यायला हवं होतं २४.९७ ग्रॅम. १५.९६ ला २४९.७ ने भागून बघ, ०.१ च्या जागी ०.०६४ मोलर येतं, म्हणजे १० च्या जागी तुझं ६.४ अगदी बरोबर होतं, हात पण चांगला बसलाय तुझा.

म्हणून आकडा शोधायच्या आधी बाटलीचं लेबल वाच. नावावर जाऊ नकोस, त्यावर कॅस नंबर, म्हणजे प्रत्येक पदार्थाचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, तो वहीत उतरवून घे. कोरड्याचा ७७५८-९८-७, निळ्याचा ७७५८-९९-८, नाव लोक एकच घेतात पण नंबर वेगळे. शेवटचा अंक तपासणीसाठी असतो: तो सोडून बाकीचे अंक उजवीकडून १, २, ३ असे गुणत जायचे, बेरजेचा एकक तोच यायला हवा. निळ्यासाठी बेरीज १४८ येते, शेवटी ८, जुळलं. उतरवताना चूक झाली की बहुतेक वेळा इथेच कळतं.

मग तोच नंबर पबकेम या रसायनांच्या माहितीच्या वेबसाइटवर टाक, फुकट आहे, आणि प्रत्येक आकड्याखाली तो कुठून घेतला ते लिहिलेलं असतं, ती ओळ वाचल्याशिवाय आकडा उचलू नकोस. स्पेक्ट्रा, उष्णतेचे आकडे हवे असतील तर निस्ट या अमेरिकन सरकारी संस्थेचं ऑनलाइन वेबबुक, तेही फुकट. सेफ्टी डेटा शीट मात्र बाटलीवर ज्या कंपनीचं नाव आहे तिचीच घे. आणि कॉलेजच्या लायब्ररीत रेफरन्सच्या कपाटात सीआरसी हँडबुक, म्हणजे रसायनशास्त्र-भौतिकशास्त्राच्या आकड्यांचं जाडजूड पुस्तक, आहे का विचार, जुनी आवृत्ती असली तरी चालेल, मोलर मास काय दरवर्षी बदलत नाही.

अजून एक, आकड्याशेजारी अट काय दिलीय ते बघायची सवय लाव. पुस्तकातला उत्कलनबिंदू साधारणपणे एक अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला असतो, आपलं पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. दरवर्षी कोणीतरी थर्मामीटर खराब आहे म्हणून तक्रार करतं आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या मुलांनी बरोबर मोजलेलं असतं.

आता सोल्युशन परत करशील तेव्हा खडे नीट बघ. कडेने पांढुरके पडले असतील तर थोडं पाणी उडून गेलंय, मग २४९.७ पण पूर्ण बरोबर नाही. मॅडमकडून नवीन बाटली मागून घे.