घड्याळातल्या कॅलरी आणि जड पाणी

प्रश्न : मनगटावरचं घड्याळ सांगतं, मी रोज २,६०० कॅलरी जाळते. तरी वजनकाटा ढिम्म! खरा आकडा मोजता येतो का? – एक वाचक, सांगली

उत्तर : येतो, पण त्यासाठी लघवीच्या बाटल्या भराव्या लागतात. घड्याळ नाडी आणि हालचालीवरून नुसता अंदाज बांधतं. माझं तर पोळ्या लाटतानाही पावलं मोजतं.

खऱ्या मोजणीत ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ असलेलं थोडं पाणी पाजतात. ही हायड्रोजन-ऑक्सिजनची जड रूपं. किरणोत्सारी नव्हेत, घाबरू नका. पुढे आठ-पंधरा दिवस अधूनमधून लघवीचे नमुने द्यायचे, बाकी रोजची कामं चालू. जड हायड्रोजन घाम, लघवी, श्वासातली वाफ अशा पाण्याच्याच वाटेने जातो. जड ऑक्सिजनला मात्र आणखी एक वाट असते, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड. म्हणून तो लवकर ओसरतो. दोघांच्या ओसरण्यातल्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड किती तयार झाला ते कळतं, आणि त्यावरून ऊर्जा.

अमेरिकेत मिनेसोटातल्या नेथन लिफसन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात ही युक्ती प्राण्यांवर वापरली. माणसांपर्यंत यायला १९८०चं दशक उजाडलं. ऑक्सिजन-१८ महाग पडे.

हीच पद्धत टांझानियातल्या हाड्झा शिकाऱ्यांवर वापरली, तेव्हा २०१२ साली गंमत कळली : दिवसभर पायपीट करूनही, अंगकाठीच्या मानाने, त्यांचा खर्च शहरी अमेरिकनांएवढाच! तेव्हा घड्याळाच्या भरवशावर संध्याकाळची जिलबी नको. ही चाचणी संशोधनातच होते, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये विचारू नका.